वाकड्या मानेची सुरई

टीव्हीत ती सुरई पहिल्यांदा दिसली तेव्हा आमच्या सासऱ्यांनी मांडी बदलली, एवढं मला पक्कं आठवतं. एरवी ते टीव्हीसमोर पेंगायचे. मी दाराशी बसले होते, डोईवर पदर घेऊन. माझं निम्मं लक्ष टीव्हीकडं आणि निम्मं माझ्या थोरल्या जावेकडं होतं. कारण ती टीव्ही बघत नव्हती, मला बघत होती. मी मान वळवली की तिनं नजर वळवलीच म्हणून समजा.

लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. माझं माहेर बोरगावचं, निपाणीकडचं, काळ्या मातीचं. सासर खानापूरच्या लाल मातीतलं. दोन्हीकडं कुंभारकीच, पण आमच्याकडं म्हणजे माहेरी चाक कमी आणि हातकाम जास्त. बेंदराच्या सणाचे मातीचे बैल आम्ही बोटांनी करायचो, शिंगं, वशिंड, मान, सगळं. इथं सासरे चाकावर बसले की गल्ली बघायला उभी राहायची. त्यांना मी मामा म्हणायची, सासूला आत्या आणि जावेला आक्का. ऐंशीनंतरची मधली वर्षं होती ती. गावात एकच टीव्ही होता, वरच्या आळीतल्या एका शेतकऱ्याच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत. त्याचा मुलगा बेळगावात हपीसात होता, त्यानं आणलेला.

रविवारी सकाळी एक हिंदी मालिका लागायची. राजवाडा, म्हातारा राजा, आणि गादीवर डोळा ठेवून बसलेला प्रधान. त्या प्रधानाच्या चौरंगावर ही सुरई असायची. पोट गोल, आणि मान हंसासारखी वर जाऊन पुढं वळलेली, टोकाला चोच. दर रविवारी कुणीतरी त्यातनं राजाच्या पेल्यात ओतायचं आणि आम्हाला वाटायचं, आज नक्की विष आहे. राजा पेला तोंडाला लावायचा आणि भाग संपायचा! मग आठवडाभर गावात वाद. ज्यांना हिंदी कळायचं ते बाकीच्यांना मराठीत सांगायचे, टीव्हीवाली काकू तिच्या हुबळीकडच्या सुनेला कन्नडात सांगायची, आणि दर खेपेला राजाचं मरण थोडं थोडं बदलायचं.

माझा स्वभाव संशयी आहे असं लोक मला तोंडावर सांगतात. अहो, कुंभाराच्या घरात जन्मलेलं माणूस दुसरं काय होणार? गिऱ्हाईक आलं की रामराम नंतर, आधी माठ उचलून बोटाच्या पेरानं वाजवणार. टण्ण वाजला तर घेणार, बद्द वाजला तर खाली ठेवून आमच्याच तोंडाकडं बघणार, जसं काही आम्ही घरात बसून मुद्दाम चीर पाडली. आमच्या आत्या तर गिऱ्हाईकाच्या आधी स्वतः वाजवायच्या. एकही माठ त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हता. माणसांनाही त्या तसंच बघायच्या, कान देऊन.

माघात अनगोळचा एक दुकानदार उन्हाळ्याचे माठ सांगायला आला. चहा झाला, आणि उठता उठता म्हणाला, ‘मामा, माठ तर हैतच. ती टीव्हीतली सुरई करता काय? बायका दुकानात येऊन विचारायल्यात.’

मामांनी मिशीवरनं हात फिरवला. ‘न करायला काय झालं? मातीचीच हाय न्हवं ती.’

आता बघा, तिथं आम्ही सगळे होतो. मामा, आत्या, माझे मालक, आक्का, मी. पिढ्यान्‌पिढ्या मातीत हात घातलेली माणसं. एकानंही विचारलं नाही की मातीची कशावरून? टीव्ही काळा-पांढरा. सुरई दिसायची राखाडी. पण आमच्या डोळ्यांना गोल आणि पोकळ काही दिसलं की ते मातीचंच, दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच येत नाही. सोनाराला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, चांदीची आहे.

मामांनी चाकावर पोट काढलं. चाकाला आमच्यात बाई शिवत नाही, ते पुरुषाचं. पण वाकडी मान काही चाकावर निघत नाही, चाक सगळं सरळच काढतं. ती हातानंच करायला हवी. तेव्हा मामा माझ्याकडं बघून म्हणाले, ‘तुमच्यात बैलांची शिंगं करत्यात न्हवं? मग मान तू कर.’

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लग्न झाल्यापासून मी माती तुडवायची, शेण काढायची, काव फासायची. आज पहिल्यांदा सासऱ्यांनी माझ्या बोटांना काम दिलं. मी काठीला ओलं फडकं गुंडाळलं, त्यावर मातीची पोळी लपेटली, हळूहळू वाकवली, आणि जराशी सुकल्यावर काठी ओढून घेतली. मान उभी राहिली. मामा म्हणाले, ‘झ्याक!’ आक्का कोपऱ्यात माती मळत होती, तिचा हात थांबला तेवढा.

सुकल्यावर माठ आणि सुरया आव्यात रचल्या. आवा म्हणजे आमची उघड्यावरची भट्टी. खाली लाकूड, वर भांडी, त्यावर गवत, राख आणि चिखलाचा लेप. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं, विस्तव घातला. गार झाल्यावर उघडून बघतो, तर माठ झकास भाजलेले, आणि सुरया? एकूण एक सुरईची मान मोडलेली. सगळ्या एकाच जागी, जिथं मान पोटाला भेटते तिथं.

आत्यांनी एक पोट उचललं, वाजवलं, खाली ठेवलं. मोडकी मान उचलली. माझ्याकडं बघितलं.

‘पोट धड. मान तेवढी फुटली,’ त्या म्हणाल्या. ‘मान कुणाच्या हातची?’

मालक म्हणाले, लाकूड कच्चं असंल, वल्ल्या लाकडानं आवा फुटतोच. मामा म्हणाले, सांधा ओला ऱ्हायला असंल, परत करू. आणि समोरच्या घराकडं बघून दात खाऊन म्हणाले, ‘न्हायतर त्येची नजर.’ समोर मामांचा चुलत भाऊ राहायचा, तोही कुंभार. हल्ली त्याचं काहीबाही निमित्तानं भिंतीवरनं आमच्या अंगणात डोकावणं वाढलं होतं. मामांनी सुरयांवर पोती टाकून ठेवायला सुरुवात केली. त्यानंही त्याच्या अंगणात पोती टाकली. पोत्याखाली काय आहे हे दोघंही एकमेकांना सांगेनात.

दुसरा आवा लावला. मान जाड केली, सांध्याला माती जास्त दिली. तरी मोडली. आणि या वेळी दोन माठही चिरले. मग मात्र घराची हवाच बदलली.

आत्यांनी मला चुलीपाशी गाठलं. ‘पोरी, खरं सांग. तू मागल्या खेपेला येळंवर बसलीस का?’

बसणं म्हणजे काय ते सांगते. महिन्याची अडचण आली की बाईनं गोठ्याच्या कडेला बसायचं, चार दिवस. वाडग्यात वाढलेलं खायचं, कुणाला शिवायचं नाही. आणि माती? मातीच्या तर सावलीलाही जायचं नाही. त्या पायानं तुडवलेली माती आव्यात टिकत नाही, आवाच्या आवा फुटतो, असं आत्यांचं म्हणणं. नुसतं म्हणणं नव्हे, त्यांची खात्री होती.

‘बसले की, आत्या. तुम्हीच वाढत होता.’

‘वाढत हुतो तवा बसलेलीस. त्याच्या आदी दोन दिस? पोरी लपवत्यात. मला ठावं हाय, पोरी लपवत्यात.’

मला असा संताप आला! मी म्हटलं, ‘मी कशाला लपवू?’ त्या नुसत्या बघत राहिल्या, बद्द वाजलेल्या माठाकडं बघावं तशा. त्या दिवसापासून माझ्यावर पहारा सुरू झाला. मी न्हाले कधी, लुगडं धुतलं कधी, वाळत कुठं घातलं, सगळ्यावर डोळा. शेजारणीसमोर हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल एवढ्याच हळू, ‘पांढऱ्या पायाची’ असा शब्दही आला.

आता माझंही डोकं चालायला लागलं. मी नाही तर मग कोण? माझी मान मोडावी असं कुणाला वाटत असेल? मामांनी माझं कौतुक केलं तेव्हा कुणाचा हात थांबला होता? आक्काचा! माझ्या मनात पाल चुकचुकली ती गप्प बसेना.

आक्का घरात आली त्याला बरीच वर्षं झाली होती. कमी बोलायची. थोरले दीर बेळगावात एका कारखान्यात होते, महिन्यातनं एखाददुसऱ्या वेळी यायचे. माती तुडवायचं काम आम्हा दोघींचं, कारण आत्यांचे गुडघे गेलेले. मी आक्कावर डोळा ठेवला. आणि एका सकाळी मला दिसलं. आक्का पदराखाली काहीतरी दडवून आव्यामागनं ओढ्याकडं निघाली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि झपझप गेली. परत आली तेव्हा वैरणीच्या गंजीमागं वाकून काहीतरी ठेवलं, वर कडबा ओढला आणि आली ती सरळ मातीत उतरली. पायाखालचा चिखल तुडवायला लागली, तोंडावर काही म्हणजे काही नाही.

करणी! दुसरं काय असणार? लिंबू, बाहुली, मसणातली राख, काय काय मनात आलं. मी मालकांना सांगितलं. मालक स्वभावानं गरीब, आणि घरातल्या बायकांच्या बाबतीत तर फारच गरीब. म्हणाले, ‘तू गप ऱ्हा. आदीच कमी हाय काय?’ मी स्वतः गंजीमागं जाऊन बघायचं ठरवलं, पण माझ्यावर आत्यांचा डोळा, आणि मी तिकडं गेलेली दिसले तर काय अर्थ निघेल? मग नाही गेले. मी आक्कावर लक्ष ठेवत होते, आत्या माझ्यावर, मामा चुलत भावावर, आणि रविवारी सगळं गाव त्या प्रधानावर.

तिसरा आवा शनिवारी उघडला. या खेपेला माठ सगळे चांगले होते. सुरया सगळ्या गेल्या.

आत्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मी कालच हिच्या भावाला निरोप धाडलाय. उद्या येतोय. ही जाऊं दे म्हायेरी. बोलावणं धाडू तवा येईल.’

मालक जमिनीकडं बघत राहिले. मामांनी बिडी पेटवली. मी दोघांच्या तोंडाकडं बघत होते, कुणीतरी काही बोलेल म्हणून.

बोलावणं धाडू म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. आमच्या बोरगावच्या गल्लीत एक बाई होती, तिलाही असंच धाडलेलं. दर सणाला ती वेणीफणी करून दारात बसायची. बोलावणं कधी आलंच नाही. आणि मला माहेर तरी कुठलं? वडील गेलेले, भाऊ अण्णा निपाणीत तंबाखूच्या वखारीत, दोन खोल्या, वहिनी, तीन पोरं. मी तिथं काय म्हणून राहणार होते? जिच्या हातानं आवा फुटतो ती म्हणून? कुंभाराच्या जातीत असं नाव लागलं की तुमच्या हातची पणतीसुद्धा कुणी घेत नाही. मी बोचकं बांधलं आणि लई रडले. रागानं जास्त रडले.

रविवारी पहिल्या गाडीनं अण्णा आला. अंगाला तंबाखूचा वास, शर्टाच्या घडीत भुकटी. आला तसा शिंकला. बोचकं बघून त्याचं तोंड उतरलं, पण बहिणीच्या सासरी तो काय बोलणार? ‘चला की मग,’ म्हणाला.

तेव्हा आत्या काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, ‘मालिका लागायची येळ झालीया. ती बघून जावा.’

खोटं नाही सांगत. मला घराबाहेर काढायचं होतं, पण त्या प्रधानानं विष घातलं का नाही हे बघितल्याशिवाय नव्हे. बोचकं अंगणात राहिलं आणि आम्ही सगळे वरच्या आळीला गेलो, अण्णासकट. चुलत भाऊ आधीच येऊन पुढची जागा धरून बसला होता.

त्या दिवशी एकदाचं फुटलं सगळं. म्हणजे राजवाड्यातलं. राजा पेला घेणार एवढ्यात शिपाई धावत आले, झटापट झाली, चौरंग उलटला. सगळ्यांचे डोळे राजावर. टीव्हीवाली काकू तोंडाला पदर लावून रडायला लागली. आणि आम्ही कुंभार तेवढे सुरईकडं बघत होतो. ती चौरंगावरनं पडली, दगडी पायऱ्यांवरनं गडगडत खाली आली, भिंतीला जाऊन थडकली आणि थांबली. मान तशीच, चोच तशीच.

‘आँ?’ मामा उभेच राहिले.

‘ए मामा, खाली बसा की! दिसंना झालंय!’ मागनं कुणीतरी ओरडलं.

‘आरं, पडली न्हवं ती?’

‘पडली की. बसा!’

‘मग खापर कुठाय?’ मामा ओरडले. ‘खापर कुठाय रं? आवाज कुठाय? ती मातीची न्हायच मुळी!’

राजा तिकडं शेवटचं बोलत होता, ते कुणालाच ऐकू आलं नाही. लोक मामांवर चिडले. आणि पुढच्या जागेवरनं चुलत भावानं कपाळावर हात मारून घेतला. ‘लगद्याची असणार, न्हायतर लाकडाची! म्हणूनच माझीबी मान ऱ्हाईना!’ म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो. मामांनी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या पोत्याखाली काय होतं हे कळलं एकदाचं. कागदाच्या लगद्याला बारीक मान झेपते. मातीला कशी झेपणार? तेवढ्या वळणाची, तेवढी बारीक मान वाळतानाच सांध्यात ओढली जाणार आणि आव्यात तुटणार. कुणाच्याही हातची असो.

मला वाटलं, सुटले! घरी येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. अण्णाही हसत होता. अंगणात आलो तर बोचकं तिथंच होतं. मी ते उचलून आत न्यायला वाकले.

‘ऱ्हाऊं दे तितंच,’ आत्या म्हणाल्या.

‘आत्या, आता काय राहिलं? सुरईच मातीची नव्हती.’

‘सुरई नसंल. दुसऱ्या आव्यात दोन माठ चिरलं. त्ये तर मातीचं हुतं?’ त्यांचा आवाज चढत गेला. ‘कुणीतरी लपवून मातीत पाय घातलाय. मला कळतंय. मला सांगू नगा.’

मामा म्हणाले, ‘आगं, दोन माठ चिरत्यातच.’ पण हळू म्हणाले. माझ्या मालकांनी तर खांब धरला होता. मी म्हटलं, ‘माझा दोष नाही हे एकदा तोंडानं म्हणा, मग मी जाते. पण आधी म्हणा.’ आत्या म्हणेनात. अण्णानं खाली वाकून बोचकं उचललं. मला म्हणाला, ‘चल बाय.’

तेवढ्यात आक्का पुढं आली. मला वाटलं, आता ही शेवटचं लाकूड टाकणार माझ्यावर.

‘तिनं न्हाय घातला,’ आक्का म्हणाली. ‘मी घातलाय.’

कुणाला काही कळेना.

‘तिसऱ्या आव्याची माती तुडवली तवा मी बसायची हुतो. बसलो न्हाय. कुणाला सांगितलंबी न्हाय.’ परक्या माणसासमोर, सासऱ्यासमोर ती हे बोलत होती. अशा गोष्टी आम्ही बायकाबायकांतही खुणेनं बोलायचो. तिचे कान लाल झाले होते, पण ती थांबली नाही. ‘ओढ्यावर धुतो आन् गंजीमागं वाळत घालतो. ही कवा बसती, कवा उठती, समदं मला ठावं हाय, मी बघत असतो. हिनं एकदाबी चुकवलं न्हाय. चुकवलं ते मी.’

गंजीमागं! मी मनात राख आणि बाहुल्या घेऊन बसले होते आणि तिथं बिचारीच्या अडचणीतल्या कापडाच्या घड्या वाळत होत्या.

अण्णा बोचकं घेऊन गल्लीत निघून गेला. मामांना चाक झाकायचं आठवलं. मालकही त्यांच्यामागं गेले. अंगणात आम्ही तिघीच राहिलो.

‘तिसऱ्या आव्याची?’ आत्या म्हणाल्या. ‘त्यातलं माठ तर…’

‘भिंतीकडची रांग. बघा वाजवून.’

आत्या गुडघ्यावर हात देत गेल्या. पहिला माठ उचलला, वाजवला. टण्ण. दुसरा. टण्ण. माठामागनं माठ त्यांनी वाजवला, कान जवळ नेऊन, शेवटपर्यंत. एकही बद्द नव्हता. मग त्या ओट्यावर बसल्या.

‘कवापास्नं गं?’

‘लगीन हुऊन आलो त्याच्या दुसऱ्या सालापास्नं,’ आक्का म्हणाली. ‘माती तुडवायची असंल तवा आदी तुडवायचो, मग दोन दिसांनी बसायचो. तुमचं गुडघं दुखत्यात. मी बसलो तर कोण तुडवणार हुतं? तुमीच तुडवला असता.’

मी वाट बघत होते, आता आत्या उठून हिला मारणार. नाहीतर माझी माफी मागणार. माझं बोलणं तयार होतं, चांगलं झणझणीत. आत्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. त्या माठाच्या काठावरनं बोट फिरवत राहिल्या.

‘मग माझ्या येळचा आवा कशानं फुटला गं?’ त्या म्हणाल्या.

आम्हा दोघींना समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं, आमच्याकडं न बघता. नव्या नवरी असताना त्यांनीही एकदा लपवलं होतं. सासू कडक, गोठ्यात बसायची भीती वाटायची, म्हणून बोलल्या नाहीत आणि मातीत उतरल्या. तो आवा सगळा फुटला. एक भांडं म्हणून हाताला लागलं नाही. सासूनं ओळखलं, का नुसताच संशय घेतला, देव जाणे. यांना माहेरी धाडलं ते दिवाळी उलटून पुढचा उन्हाळा आला तरी बोलावणं नाही. शेवटी मामा स्वतः जाऊन घेऊन आले. घरानं त्या साली दुसऱ्याचं खळं झाडून पोट भरलं होतं. ते सगळं आपल्या पायानं झालं असं त्या धरून चालल्या होत्या, नातवंडं व्हायची वेळ आली तरी. कुणाला सांगितलं नव्हतं. मामांनाही नाही.

माझा राग होता तिथंच होता. खरं सांगते, तो पुढं पुष्कळ वर्षं राहिला. पण त्या म्हातारीचं तोंड बघून माझं तयार बोलणं मी गिळलं. पोरी लपवत्यात, मला ठावं हाय, असं त्या मला म्हणाल्या होत्या. कुठल्या पोरीबद्दल म्हणत होत्या ते मला आत्ता कळत होतं.

‘आत्या,’ मी म्हटलं, ‘त्या आव्याला लाकूड कसलं होतं?’

‘लाकूड?’

‘वाळकं होतं का ओलं?’

त्यांनी वर बघितलं. गल्लीतनं अण्णानं हाक मारली, ‘येतीस का गं? येष्टी जाईल!’ मी ओरडून सांगितलं, ‘तू जा अण्णा, बोचकं तेवढं दारात ठेव!’ आत्यांनी मला अडवलं नाही. त्यांना ते ऐकूसुद्धा गेलं नसावं.

‘शिमग्यात पाऊस झालता,’ त्या म्हणाल्या. ‘अवकाळी. लाकडाचा ढीग भिजलाता समदा. तसाच लावला आवा, बाजार जवळ आलता म्हणून.’

आक्का त्यांच्या शेजारी ओट्यावर बसली. मीही बसले, जरा अंतर ठेवून.

‘पाऊस झालता गं,’ आत्या परत म्हणाल्या. ‘समद्यास्नी ठावं हुतं.’